वाचक विचारतात: पऱ्हाटीत साखर आहे, मग ती लवकर का सुटत नाही?

गेल्या अंकात पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलबद्दल उत्तर देताना ओघात लिहून गेलो होतो की इथेनॉल उसाच्या मळीतून, मक्याच्या दाण्यातून बनतं तसं पेंढ्यातून आणि पऱ्हाटीतूनही, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडाच्या काड्यांतूनही, बनवता येतं. तेवढ्या एका वाक्यावर चोपडा, फैजपूर, जळगाव, भुसावळ, शहादा असे सगळ्या खान्देशातून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले. प्रश्न वरवर वेगळे दिसतात पण वाचत गेलो तसं कळलं की सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात, साखर सुटायला लागणारा वेळ. म्हणून या वेळचं आख्खं सदर याच विषयाला देतोय.

प्रश्न: दरवर्षी वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटतो, थोड्या चुलीला जातात, बाकीच्या बांधावर पडतात नाहीतर पेटवून द्याव्या लागतात. तुम्ही म्हणता त्यात साखर आहे. मग कारखाना ऊस नेतो तशी पऱ्हाटी का नेत नाही? भाऊ, सोप्पं करीसन सांगा. (कापूस आणि मका करणारे शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर: साखर आहे हो भाऊ, आणि चांगली भरपूर आहे. सुक्या पऱ्हाटीत ढोबळमानाने ३५ ते ४० टक्के सेल्युलोज धरा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकाला एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. तुमच्या मक्याच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी आहे, फरक फक्त जोडाच्या दिशेत. स्टार्चचा जोड असा की साखळी वळत जाते, गुंडाळी होते, गरम पाण्यात टाकली की फुगून सैल पडते. सेल्युलोजची साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळीला अंगभर चिकटते, अशा कितीतरी साखळ्या मिळून एक कडक धागा होतो ज्याच्या आत पाणीसुद्धा नीट शिरत नाही, मग एन्झाइमसारखा, म्हणजे साखळी तोडणाऱ्या प्रोटीनसारखा, अवाढव्य रेणू कुठून शिरणार. त्यात या धाग्यांभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं आणि त्यावर लिग्निनचा लेप, जो झाडाला लाकडाचा कडकपणा देतो. पऱ्हाटी ही पेंढ्यासारखी गवताळ नाही, ती जवळपास लाकूडच आहे, तिच्यात लिग्निन भरपूर असतं, पाव हिश्श्याच्या आसपास.

आता हिशोब करू. एक टन सुकी पऱ्हाटी, कमीत कमी धरून ३५० किलो सेल्युलोज. साखळीचा प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतला जातो म्हणून वजन थोडं वाढतं आणि ग्लुकोज होतं ३८९ किलो. एक किलो ग्लुकोजमधून यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, जास्तीत जास्त ५१० ग्रॅम इथेनॉल देऊ शकतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. म्हणजे टनाला जवळपास २०० किलो, लिटरमधे अडीचशे. हे झालं कागदावर. आता पानिपतला इंडियन ऑइलचा प्लांट ऑगस्ट २०२२ मधे देशाला अर्पण झाला, त्याचे जाहीर केलेले आकडे वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असे होते, भागाकार करा, टनाला दीडशे लिटर. पेंढ्यातलं सेल्युलोज पऱ्हाटीच्या फार लांब नाही, त्यामुळे तुलना चालते. तर हे मधले शंभर लिटर कुठे अडकतात हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यातले बरेचसे वेळेपायी सोडून द्यावे लागतात.

कसं ते सांगतो. कच्चा माल आधी बारीक करून वाफेत, सौम्य ॲसिडमधे, दीडशे-पावणेदोनशे डिग्रीला उकडून घेतात, म्हणजे वरचा लेप ढिला पडतो. मग टाकीत पाणी आणि एन्झाइम. एन्झाइम एकटं नसतं, तिघांची टोळी असते. एंडोग्लुकॅनेज साखळी मधेच कुठेतरी तोडतं, त्यामुळे नवीन टोकं तयार होतात. सेलोबायोहायड्रोलेज ते टोक आपल्या पोटातल्या बोगद्यात ओढून घेतं आणि धाग्यावरून सरकत सरकत दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे सोडत जातं, त्या तुकड्याला सेलोबायोज म्हणतात. आणि तिसरं बीटा-ग्लुकोसिडेज, ते त्या जोडीचे दोन ग्लुकोज करतं. खरं कष्टाचं काम मधल्याचं, आणि त्याचा सरकायचा वेग सेकंदाला काही नॅनोमीटर एवढाच असतो, एक सेलोबायोज म्हणजे साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे सेकंदाला मोजून थोडेच तुकडे. बरं ते सरळ जात राहिलं असतं तरी चाललं असतं, पण मधे गाठ आली, खडबडीत जागा आली की ते तिथंच अडतं, सुटूनही जात नाही, आणि मागून येणारीही त्याच्यामागे तुंबतात. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मधे फार वेगवान सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष होताना दाखवलं, एन्झाइमचे रेणू धाग्यावर रांगेत अडकलेले आणि धाग्याचा तो थर सोलला गेला की परत चालू लागलेले.

मग लोक म्हणतात एन्झाइम जास्त टाका. तुम्ही कापूस लावता म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल. शेतात बोंडं भरभरून फुटलेली असतील तर पाच बायांऐवजी दहा लावल्या की वेचणी दुप्पट होते, पण बोंडं थोडीच फुटलीत आणि तीही आतल्या फांद्यांत, तर पन्नास बाया उभ्या केल्या तरी कापूस तेवढाच निघणार आणि मजुरी पन्नासांची द्यावी लागणार. टाकीत तसंच होतं. धाग्याचा बाहेरचा, सैल भाग पहिल्या काही तासांत भराभर विरघळतो, मग उरतो तो घट्ट स्फटिकासारखा भाग, हात लावायला जागा कमी, आणि वेग पडत जातो, इतका पडतो की सुरुवातीच्या मानाने काहीच चाललं नाही असं वाटावं. म्हणून टाकी दोन-दोन तीन-तीन दिवस चालवावी लागते आणि तरी शेवटचा वीस-पंचवीस टक्के माल तसाच राहतो, कारण त्याची वाट बघण्यापेक्षा टाकी रिकामी करून नवीन घाणा भरणं परवडतं. एन्झाइमही थोडंथोडकं लागत नाही, ग्रॅमभर सेल्युलोजला १० ते २० मिलिग्रॅम प्रोटीन असं साधारण प्रमाण असतं, म्हणजे टनभर सेल्युलोजला १० ते २० किलो शुद्ध प्रोटीन. स्टार्चला याच्या कितीतरी पट कमी पुरतं. ऊस तर सोडूनच द्या, त्याचा रस काढला की यीस्टसाठी साखर तयारच असते. तुमची पऱ्हाटी कारखान्याच्या गेटवर का जात नाही याचं निम्म्याहून जास्त उत्तर इथं आहे, बाकीचं शेवटच्या प्रश्नात.

प्रश्न: आमच्याकडे सात म्हशी आणि दोन गायी आहेत. रोज ज्वारीचा कडबा खातात आणि दूध देतात. त्यांना ना ॲसिड लागतं ना वाफ. मग गायीच्या पोटात होतं ते कारखान्यात का जमत नाही? (दूध व्यवसाय करणाऱ्या एक ताई, फैजपूर)

उत्तर: ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण या विषयातले इंजिनियर लोक गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न स्वतःला विचारताहेत.

गाय स्वतः सेल्युलोज पचवत नाही. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, रुमेनमधे, जिवाणू आणि बुरशी यांची अफाट वस्ती असते आणि तोडण्याची सगळी एन्झाइम त्यांची. पण नुसती वस्ती असून भागत नाही, त्या पोटाची रचनाच वेग टिकवायला झालेली आहे. एक म्हणजे रवंथ. तोच घास परत वर, परत दळण, प्रत्येक वेळी नवीन पृष्ठभाग उघडा पडतो, म्हणजे मघाशी म्हटलेली जागेची टंचाई होत नाही. दुसरं लाळ, रोज कितीतरी लिटर लाळ आत जाते आणि आंबटपणा ताब्यात ठेवते. तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, तयार झालेला माल आत साठूच दिला जात नाही. साखर सुटली रे सुटली की जिवाणू ती खातात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं बनतात आणि ती पोटाच्या भिंतीतून लगेच रक्तात जातात.

हे महत्त्वाचं का, तर या एन्झाइमना स्वतःच्याच मालाचा अडथळा होतो. सेलोबायोज साठलं की ते सेलोबायोहायड्रोलेजच्या बोगद्यात जाऊन बसतं आणि काम थांबतं. ग्लुकोज साठलं की बीटा-ग्लुकोसिडेज मंदावतं, मग सेलोबायोज आणखी साठतं, मग सेलोबायोहायड्रोलेजही बंद. कारखान्याच्या टाकीत हेच होतं आणि तिथं ते टाळताही येत नाही, कारण शेवटी इथेनॉल उकळून वेगळं काढायचं असतं आणि ते ४ टक्क्यांपेक्षा पातळ असेल तर डिस्टिलेशनचा वाफेचा खर्च झेपत नाही. ४ टक्के इथेनॉल पाहिजे तर निदान ८ टक्के साखर पाहिजे, ८ टक्के साखर पाहिजे तर टाकीत १५-२० टक्के भुसा पाहिजे, आणि तेवढा भुसा टाकला की तो सगळं पाणी पिऊन घेतो, ढवळणं अवघड होतं आणि वर साखर साठल्यामुळे एन्झाइम झोपतं. एकीकडून सोडवायला जावं तर दुसरीकडून घट्ट होतं असा हा गुंता आहे. तुमच्या म्हशीला डिस्टिलेशन करायचं नसतं, तिला पातळ चालतं.

आणि एक लक्षात ठेवा, तीसुद्धा सगळा कडबा पचवत नाही. लिग्निन आणि त्याच्या आड दडलेलं सेल्युलोज शेणातून बाहेर पडतंच. कडब्याचा विषय निघालाच आहे तर माझं मत सरळ सांगतो, खान्देशातला कडबा जनावरांच्याच दावणीला जायला हवा, इथेनॉलसाठी तो कुणी मागितला तरी देऊ नये. उन्हाळ्यात चाऱ्याचे भाव काय होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न: सर, प्रॅक्टिकलमधे अमायलेज आणि स्टार्च घेतलं तेव्हा मायकेलिस-मेंटेनचा कर्व्ह आणि लाइनवीव्हर-बर्कची सरळ रेघ छान आली. मग मी हौसेनं सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारी एन्झाइम) आणि फिल्टर पेपर घेऊन तेच केलं तर रेघ कशीही येते, केएम दर वेळी वेगळा. सीएमसी (पाण्यात विरघळणारं बदललेलं सेल्युलोज) घेतलं तर बरं येतं. माझं काय चुकतंय? (एमएस्सी बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर: तुझं काहीच चुकत नाहीये, तू मायकेलिस-मेंटेनच्या समीकरणाला, जे माल वाढवला की एन्झाइमचा वेग कसा वाढतो ते सांगतं, त्याच्या घराबाहेर नेलंस एवढंच. आणि ते स्वतःहून करून बघितलंस याचा मला मनापासून आनंद झाला.

मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मधे जे काम छापलं ते इन्व्हर्टेजवर होतं, साधी साखर पाण्यात विरघळलेली, एन्झाइमही विरघळलेलं. वेग बरोबर व्हीमॅक्स गुणिले एस, भागिले (केएम अधिक एस). इथं एस म्हणजे सब्सट्रेटचं, म्हणजे तोडायच्या मालाचं प्रमाण, व्हीमॅक्स म्हणजे जास्तीत जास्त वेग, आणि केएम म्हणजे वेग त्याच्या निम्मा असतो तेव्हाचा एस. यात गृहीत काय काय धरलंय ते बघ. सब्सट्रेटचे रेणू एन्झाइमपेक्षा खूप जास्त, सगळे एकसारखे, सगळे मोकळे फिरणारे, आणि आपण मोजतोय तो सुरुवातीचा वेग, म्हणजे माल अजून साठलेला नाही. आता फिल्टर पेपर. तो विरघळत नाही, त्यामुळे एन्झाइमला आधी जाऊन त्याच्यावर चिकटावं लागतं आणि चिकटण्याची पायरी हीच एक वेगळी भानगड आहे. तू लिटरला दहा ग्रॅम पेपर घेतलास म्हणजे एस दहा झाला का? नाही ना, कारण एन्झाइमला त्यातला फक्त पृष्ठभाग दिसतो, त्यातही जिथं टोक मोकळं आहे तेवढीच जागा, आणि ती जागा दर मिनिटाला बदलते. पेपर तू कसा कापलास, किती हलवलास यावर तुझा एस ठरतोय, मग केएम दर वेळी वेगळाच येणार. आणि बहुतेक वेळा इथे उलटी परिस्थिती असते, एन्झाइम सब्सट्रेटने भरून जाण्याऐवजी सब्सट्रेटच्या जागा एन्झाइमने भरून जातात. म्हणून काही संशोधक समीकरण उलटं वापरतात, सब्सट्रेट ठरावीक ठेवायचं, एन्झाइम वाढवत जायचं आणि वेग कुठे सपाट होतो ते बघायचं. तेच करून बघ, ग्राफ बरा येईल.

सीएमसी बरं येतं कारण ते विरघळतं. पण त्यावर खूश होऊ नकोस. सीएमसीवर जोरात चालणारं एंडोग्लुकॅनेज पऱ्हाटीच्या भुशावर टाकलं तर फारसं काही होत नाही असं वारंवार होतं, कारण स्फटिकाच्या भागावर सरकणारा दुसरा गडी त्यात नसतो. नवीन बुरशी शोधून सीएमसीच्या प्लेटवर मोठं फिकट वर्तुळ आलं म्हणून पेपर लिहिणारे बरेच असतात, त्या वर्तुळावरून इंधनाबद्दल काही ठरत नाही.

मालाच्या अडथळ्याचं गणित हातानं करून बघ, फार शिकायला मिळतं. स्पर्धात्मक अडथळा असेल तर केएमच्या जागी केएम गुणिले (एक अधिक आय भागिले केआय) असं येतं, आय म्हणजे अडथळा करणाऱ्या मालाचं प्रमाण आणि केआय म्हणजे त्याच्या अडथळ्याचा आकडा, जितका लहान तितका अडथळा मोठा. समजा, फक्त समजण्यापुरतं, बीटा-ग्लुकोसिडेजचा ग्लुकोजसाठी केआय लिटरला १ ग्रॅम आहे आणि टाकीत ग्लुकोज ५० ग्रॅम साठलंय, तर केएम ५१ पट झाला. म्हणजे एवढंसं सेलोबायोज असेल तर ते एन्झाइम जवळपास रिकामंच बसलेलं आहे. यासाठीच ट्रायकोडर्मा या बुरशीच्या एन्झाइममधे ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज वरून मिसळायची पद्धत पडली.

आणि तुला आवडेल अशी गोष्ट, हे सेल्युलेज मोजायची जगभर वापरली जाणारी पद्धत १९८७ मधे आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी लिहिली. व्हॉटमन नंबर एक या फिल्टर पेपरची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम, पीएच ४.८, तापमान ५० डिग्री, वेळ ६० मिनिटं, आणि एन्झाइम इतकं पातळ करत जायचं की बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल. दोनच मिलिग्रॅम का, कारण दुप्पट एन्झाइमला दुप्पट साखर येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तुलना करायची तर सगळ्यांनी एकाच बिंदूवर येऊन करायची. तुझी रेघ वाकडी का येते त्याचं उत्तर त्या पद्धतीतच दडलेलं आहे.

प्रोजेक्टला हे कर. केएमच्या मागे न लागता वेळेचा ग्राफ काढ, पाच मिनिटांपासून ४८ तासांपर्यंत. मग २४ तासांनी उरलेला भुसा गाळून घे, चांगला धू, ताज्या बफरमधे ताजं एन्झाइम टाकून परत सुरू कर. वेग परत सुरुवातीसारखा वाढला तर दोष साठलेल्या साखरेचा नाहीतर अडकून थकलेल्या एन्झाइमचा, आणि नाही वाढला तर उरलेला भुसाच चिवट. एका प्रयोगात दोन कारणं वेगळी होतात. फक्त दोन काळज्या घे. डीएनएसचा, म्हणजे साखर मोजायच्या रसायनाचा, रंग ग्लुकोज आणि सेलोबायोज यांना सारखा येत नाही, म्हणून मोजण्याआधी बीटा-ग्लुकोसिडेज जास्तीचं असू दे. आणि इतके तास ठेवलं की जिवाणू साखर खाऊन टाकतात, त्यासाठी सोडियम अझाइड टाकतात पण ते जालीम विष आहे, सरांच्या देखरेखीशिवाय हात लावू नकोस.

प्रश्न: भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तुम्ही म्हणता एन्झाइमला पन्नास डिग्री आवडतं. मग हा उन्हाळा आपल्याला वरदानच नाही का? (रेल्वेतून निवृत्त झालेले काका, भुसावळ)

उत्तर: काका, तुमचा विचार बरोबर दिशेने आहे पण टाकी गरम करणं ही कारखान्याची अडचण नसतेच. साखर काढून झाल्यावर जे लिग्निन उरतं ते बॉयलरमधे जाळून हवी तेवढी वाफ मिळते. अडचण उलटी आहे, थंड ठेवण्याची. सेल्युलेज ५० डिग्रीला छान चालतं, तापमान साधारण दहा डिग्री वाढलं की वेग जवळपास दुप्पट होतो, अर्थात एका हद्दीपर्यंत, साठीच्या पुढे दिवसभर ठेवलं की प्रोटीनची घडी मोडते आणि ते कायमचं जातं. पण यीस्टला ३० ते ३५ डिग्री लागतं. चाळीसच्या वर, आणि त्यात दारूचा अंश असेल तर, ते मरायला लागतं. फैजपूरच्या ताईंना सांगितलं की साखर साठू द्यायची नाही, त्याचा कारखान्यातला उपाय म्हणजे एन्झाइम आणि यीस्ट एकाच टाकीत घालायचं, एकानं साखर सोडायची आणि दुसऱ्यानं लगेच खायची. उपाय उत्तम, पण एकाला पन्नास आणि दुसऱ्याला बत्तीस पाहिजे, मग मधेच कुठेतरी सदतीस-अडतीसला टाकी ठेवतात आणि दोघंही अर्ध्या मनाने काम करतात.

त्यात आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. ती काढायला कूलिंग टॉवर. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असल्यामुळे टॉवर चांगला चालतो खरा, पण तो पाणी उडवूनच गार करतो, आणि मे महिन्यात खान्देशात पाणी उडवणं कुणाला परवडणार ते तुम्हीच सांगा. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस नावाचं एक यीस्ट चाळीस-पंचेचाळीसला तग धरतं, आपल्यासारख्या प्रदेशासाठी मला त्याच्यावर चाललेलं काम फार मोलाचं वाटतं.

प्रश्न: मी जिनिंगमधे कामाला आहे. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज असं शाळेत शिकलो. मग जिनिंगचा फेकून द्यायचा कापूस सगळ्यात सोपा नाही का? आणि ही ट्रायकोडर्मा म्हणजे आम्ही शेतात टाकतो तीच का? (जामनेर)

उत्तर: कापसात नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असतं हे खरं, लिग्निनही नाही म्हटलं तरी चालेल. पण तो फार सुबक रचलेला, स्फटिकासारखा असतो, त्यामुळे शुद्ध असूनही एन्झाइमला तो चिवट जातो, आधी अल्कलीत फुगवून सैल करावा लागतो. शिवाय त्या कचऱ्यालाही गिऱ्हाईक असतं, ते इथेनॉलपेक्षा बरा भाव देतं.

ट्रायकोडर्मा कुळ तेच, जात वेगळी. तुम्ही मर रोगाला टाकता ती व्हिरिडी किंवा हर्झियानम, कारखान्याची एन्झाइम येतात रीसाय या जातीकडून. तिची गोष्ट कापसाचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजायला लागले, कारण शोधताना ही बुरशी हाती लागली, आणि तिच्यावर नॅटिकच्या अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी आयुष्यभर काम केलं, रीस यांचंच नाव तिला दिलंय. आज जगात विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा सेल्युलेजचं मूळ त्या एका तंबूवरच्या बुरशीत आहे.

प्रश्न: केळीचं खोड? आमच्याकडे घड कापला की खोड तसंच पडतं. (रावेर)

उत्तर: लिग्निन कमी, त्यामुळे एन्झाइमला पऱ्हाटीपेक्षा मऊ. पण खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. टनभर खोड ट्रॉलीत भरून नेलं तर हातात शंभर किलोसुद्धा सुका माल येत नाही, म्हणजे भाडं पाण्याचंच भरलं. खोडाचा धागा काढणं किंवा बागेतच कुजवून पोटॅश जमिनीला परत देणं हे आज जास्त शहाणपणाचं.

प्रश्न: गटाने मिळून छोटा प्लांट टाकता येईल का? की तोवर पऱ्हाटी साठवून ठेवू? (शेतकरी उत्पादक गटातले एक सदस्य, शहादा)

उत्तर: छोटा नको. ॲसिड आणि वाफेचं प्रेशर झेलणारी भांडी महाग धातूची लागतात, टाक्या तीन-तीन दिवस अडकून राहतात म्हणून जास्त टाक्या, एन्झाइम विकत, वर अल्कोहोल बनवायचं म्हटलं की एक्साइजचा परवाना. पानिपतच्या प्लांटला, जिथं पुण्याच्या प्राज कंपनीचं तंत्रज्ञान आहे, नऊशे कोटींच्या वर खर्च आला आणि तो दिवसाला शंभर किलोलिटरसाठी. अमेरिकेत आयोवात ड्यूपाँटने मक्याच्या ताटांवरचा मोठा प्लांट २०१५ मधे सुरू केला आणि दोनच वर्षांनी त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. पैसा आणि शास्त्रज्ञ दोन्ही असलेल्या कंपनीचं हे झालं. अशा इथेनॉल प्रकल्पांसाठीची केंद्राची २०१९ ची जी-वन योजना मदत देते, पण ती अशा मोठ्या प्रकल्पांनाच झेपणारी गोष्ट आहे. माझ्या मते आपल्याकडे हे पहिल्यांदा कुठे जमलं तर साखर कारखान्याच्या आवारातच जमेल, कारण बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, तिथं आयता गोळा झालेला असतो आणि बॉयलर, डिस्टिलरी शेजारीच असते. पऱ्हाटी एका हेक्टरला दोन-तीन टन, तीही विखुरलेली, वजनाला हलकी आणि जागा खाणारी, ती गोळा करून कुटी करणं हाच मोठा खर्च.

साठवून तर मुळीच ठेवू नका. बांधावरच्या ढिगातल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते. फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस) न घेता वेळेत पऱ्हाटी काढा, श्रेडरने बारीक करून शेतातच कुजवा, नाहीतर ब्रिकेट-पेलेटवाल्यांना, म्हणजे जळणाच्या विटा-गोळ्या बनवणाऱ्यांना, द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत हे आजही करता येण्यासारखं आहे आणि त्यासाठी कुठल्याही एन्झाइमची वाट बघायची गरज नाही. गटाला काही विकत घ्यायचंच असेल तर आधी ट्रॅक्टरवर चालणारा चांगला श्रेडर घ्या, तो मार्चच्या आत सगळ्यांच्या शेतात फिरला पाहिजे.